महाविद्यालय आणि मतपेटी : वऱ्हाडातील एका नात्याचा अभ्यास

अलीकडे मेळघाटात आणि खाली परतवाडा-अकोट पट्ट्यातही एक वाक्य वरचेवर कानी पडते : "पोराले एवढं शिकवून काय भेटलं?" पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या बौद्ध वस्तीत असे कोणी म्हटले असते, तर घरातल्या निरक्षर आजीनेच त्याला गप्प केले असते. आज हे बोलणारा माणूस बहुधा स्वतः पदवीधर असतो. बी. ए., बी. एड. झालेला असतो, कुठे तासिका तत्त्वावर शिकवत असतो, नाहीतर पोलीस भरतीचे वय उलटून गेल्यावर गावी परतलेला असतो. म्हणजे त्याचे म्हणणे अज्ञानातून आलेले नाही, अनुभवातून आलेले आहे. आणि त्यामुळेच ते हसण्यावारी नेता येत नाही.

उच्च शिक्षणाविषयीची समाजाची भावना आणि त्या समाजाचा राजकीय पक्षांकडे असलेला कल यांचा एकमेकांशी काही संबंध असतो काय, हा या लेखाचा विषय आहे. कोणाला मत द्यावे हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे आणि तो आमचा अधिकारही नव्हे. परंतु इतिहासाचा अभ्यास करताना आम्हाला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. गेल्या शंभर वर्षांत वऱ्हाडातील आंबेडकरी समाजाने राजकीय वळणे अनेक घेतली. त्यांतील मोठ्या वळणांच्या मुळाशी पाहिले, तर तेथे बहुतेक वेळा शिक्षणाचा एखादा ठोस प्रश्न आढळतो : शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, विद्यापीठाचे नाव. गेल्या वीस वर्षांत वळणे पूर्वीपेक्षा अधिक आली, शिक्षणाचा प्रश्न मात्र त्यांतून गळून पडला. असे का झाले?

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्र वेळोवेळी लोकमताची पाहणी करते. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचा देशावर परिणाम चांगला होतो की वाईट, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्यांपैकी ५४ टक्के लोक 'चांगला' म्हणत होते. २०१७ मध्ये त्याच पक्षाचे ५८ टक्के लोक 'वाईट' म्हणू लागले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचे ७२ टक्के लोक त्याच वर्षी 'चांगला' म्हणत होते. अवघ्या दोन वर्षांत महाविद्यालय ही पक्षीय वस्तू होऊन बसली. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी यांनी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या देशांतील मतदानाचा दीर्घ अभ्यास करून असे दाखवले आहे की, दुसऱ्या महायुद्धानंतर कमी शिकलेला कामगार डाव्या बाजूच्या पक्षांना मत देत असे आणि पदवीधर उजव्या बाजूला असे. आता हे चित्र उलटे झाले आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाले, त्याच विद्यापीठाचे चाळीस कोटी डॉलरचे सरकारी अनुदान मार्च २०२५ मध्ये तेथील सरकारने रद्द केले. विद्यापीठ आणि सत्ता यांचे नाते किती लवकर बदलू शकते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

आपल्याकडे मात्र महाविद्यालय वाईट आहे असे कोणताही पक्ष म्हणत नाही. सर्वच पक्षांचे जाहीरनामे शिक्षणाचे गोडवे गातात आणि सर्वच पक्षांचे पुढारी महाविद्यालये काढतात. म्हणून आपल्याकडील हे नाते भाषणांत सापडत नाही. फी कोणी भरली, प्रवेश कोणी दिला, मुलगा राहिला कुठे आणि जेवला कुठे, या प्रश्नांच्या उत्तरांत ते सापडते.

दोन प्रवाह

वऱ्हाडात या नात्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात झाली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न त्या वेळी गाजत होता. त्या प्रश्नात अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुढे १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणबी, माळी, तेली समाजाचा शेतकरी आपल्या मुलाला पहिल्यांदा महाविद्यालयात पाठवू लागला तो या संस्थेमुळे. पंजाबराव पुढे काँग्रेसचे खासदार आणि देशाचे कृषिमंत्री झाले. ज्याने पोराला वसतिगृहात ठेवून घेतले त्याच्या पक्षाला मत, हे समीकरण वऱ्हाडच्या खेड्यांत कोणी शिकवावे लागले नाही.

आंबेडकरी प्रवाह वेगळा होता. त्याच्याकडे जमीन नव्हती, सहकारी संस्था नव्हत्या, म्हणून शिक्षणासाठी थेट राज्यसत्तेकडे मागणी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यातून केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. आज ज्याला आपण पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती म्हणतो तिचे मूळ येथे आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व बाबासाहेब जाणतच होते; तरीही त्यांनी भर दिला तो उच्च शिक्षणावर, कारण प्रशासनातील मोक्याच्या जागांवर आपली माणसे बसल्याशिवाय कायद्याचा लाभ वस्तीपर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये सुरू झालेले औरंगाबादचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद, ही सर्व याच विचाराची अपत्ये. वऱ्हाडातील कित्येक घरांतील पहिला पदवीधर मिलिंदमधून शिकून आला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

अर्जातील एक रकाना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. अठरा दिवसांत आपल्या माणसांचा धर्म बदलला आणि राज्यही बदलले. या दोन घटना एका महिन्याच्या आत घडल्या म्हणून नव्या राज्याच्या शिक्षण खात्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, ज्याची कल्पना कोणीच केलेली नव्हती.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ घेण्यासाठी व्यक्ती हिंदू असणे आवश्यक होते. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला. बौद्धांचे नाव त्यात नव्हते. म्हणजे दीक्षाभूमीवरून घरी आलेल्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहायचे? 'बौद्ध' लिहिले तर शिष्यवृत्ती जाते, 'हिंदू महार' लिहिले तर बावीस प्रतिज्ञा जातात. वडील एक सांगत, शाळेतील मास्तर दुसरे सांगत. पुष्कळांच्या दाखल्यावर एक धर्म राहिला आणि घरात दुसरा. कागदावरील ही दुविधा किती खोल गेली हे पाहायचे असेल, तर आजही जात वैधता प्रमाणपत्रासाठी पणजोबांच्या १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदी शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला विचारावे. ज्या पिढीने अर्जात 'बौद्ध' लिहून शिष्यवृत्तीवर पाणी सोडले, तिची यादी कोणी केलेली नाही. आमच्या मते धर्मांतराच्या इतिहासातील तो सर्वांत मूक आणि सर्वांत महाग त्याग होता.

१९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढले आणि त्याला चांगले यश मिळाले. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने त्याच वर्षी नवबौद्धांना राज्याच्या अखत्यारीतील शैक्षणिक सवलती आणि राखीव जागा लागू केल्या. एक वर्ष आधी, १९५९ मध्ये, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ करणारी सवलतही त्यांच्याच काळात आली होती. तिचा मोठा लाभ कुणबी-मराठा शेतकऱ्यांच्या मुलांना झाला. दोन वर्षांत दोन सवलती. आणि १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार निवडून आला नाही. केवळ सवलतींमुळे असे झाले हे म्हणणे धाडसाचे होईल. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न सुटल्यामुळे समिती विस्कटली होती, पक्षातही फूट पडली होती. परंतु आपल्या मुलाची फी ज्याने भरली त्याच्याविषयी बापाच्या मनात ओलावा निर्माण होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी युती केली तेव्हा ती वस्त्यांमध्ये पुष्कळ अंशी स्वीकारली गेली, तिची जमीन अशा रीतीने आधीच तयार झाली होती.

ही सवलत म्हणजे लाच होती, असे आपल्यातील काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. लाच घेणारा मिंधा होतो. येथे घडले ते उलट. त्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आणि त्याच वसतिगृहांत वाढलेल्या तरुणांनी १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली. जानेवारी १९७४ च्या मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत त्यांनी बहिष्कार पुकारला, त्यातून वरळीची दंगल पेटली आणि काँग्रेसने ती जागा गमावली. ज्या सत्तेने फी भरली, तिलाच प्रश्न विचारणारी पिढी महाविद्यालयाने घडवली. याहून अधिक चांगले प्रशस्तिपत्र त्या सवलतीला कोणते हवे?

शिक्षणाने समाज जोडला तसा तो तोडलाही, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल. १९५९ च्या सुमारास रिपब्लिकन पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन गट झाले. एकीकडे बी. सी. कांबळे आणि शहरी, कायदा शिकलेले कार्यकर्ते. दुसरीकडे दादासाहेबांच्या मागे असलेला धोतर नेसणारा, भूमिहीन शेतमजूर. पदवी नसलेल्या नेत्याने पक्ष चालवावा काय, असा प्रश्न काहींनी विचारला. जमिनीच्या प्रश्नावर लाखोंना तुरुंगापर्यंत घेऊन जाणारे दादासाहेबच होते, हे १९६४ च्या सत्याग्रहाने दाखवून दिले. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत सुशिक्षितांविषयी जी वेदना व्यक्त केली होती, तिचा अर्थ अवघ्या तीन वर्षांत असा समोर उभा राहिला.

विद्यापीठाच्या नावाची सोळा वर्षे

महाराष्ट्राच्या राजकारणात एखाद्या विद्यापीठाने सर्वांत मोठी उलथापालथ घडवली असेल, तर ती मराठवाडा विद्यापीठाने. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्या रात्रीपासून मराठवाड्यातील बौद्ध वस्त्या जळू लागल्या. ठराव अमलात आला नाही. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला, माणसे तुरुंगात गेली, काही प्राणांस मुकली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती असे शेतमजूर विद्यापीठाच्या नावासाठी लाठ्या खात होते, ही गोष्ट जगाच्या शैक्षणिक इतिहासात दुर्मिळ आहे. त्यांना त्या नावात आपल्या नातवाची जागा दिसत होती.

येथे थोडे विषयांतर. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगे बाबांचे नाव मिळाले. शेंडगावचा हा परीट, जो शाळेत गेला नाही, ज्याने पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली, त्याचे नाव विद्यापीठाला देताना एकही घर जळले नाही. वऱ्हाडी माणसाने याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. अर्थात मराठवाड्यात जाळली गेलेली माणसेही मराठीच होती, हेही विसरू नये.

दरम्यान केंद्राच्या सवलतींचा प्रश्न तीस वर्षे तसाच लोंबकळत होता. राज्याच्या महाविद्यालयात नवबौद्ध म्हणून प्रवेश मिळे, केंद्राच्या नोकरीत आणि संस्थांत मिळत नसे. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणाही त्याच वर्षीची. त्यानंतर अकोल्यात ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बौद्ध, बंजारा, माळी, धनगर, कोळी अशा समाजांना एकत्र आणून जे राजकारण उभे केले आणि ज्याला 'अकोला पॅटर्न' म्हणतात, ते याच काळाचे फळ. अकोला जिल्हा परिषद दीर्घकाळ त्यांच्या विचाराच्या माणसांच्या हाती राहिली. १९९८ मध्ये काँग्रेसबरोबरच्या समझोत्यातून रिपब्लिकन चळवळीचे चार नेते लोकसभेवर गेले आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून दादासाहेब गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. त्या वर्षी वऱ्हाडातील एखाद्या बौद्ध वस्तीत उच्च शिक्षण आणि राजकारण हे दोन वेगळे विषय आहेत असे कोणाला वाटतही नव्हते.

मग काय बिघडले? आमच्या मते बिघाडाचे बीज त्याआधीच पडले होते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या हे खरे. त्याचा लाभ आपल्याही मुलांना झाला. पण महाविद्यालय ही सरकारकडे मागण्याची वस्तू न राहता पुढाऱ्याकडे जाऊन मिळवण्याची वस्तू झाली. पक्ष कोणताही असो, जिल्ह्यातील पुढारी संस्थाचालकही होता. निवडणुकीत त्याचे प्राध्यापक बूथवर बसत आणि निवडणुकीनंतर त्याच्याच दारात प्रवेशासाठी रांग लागे. आपल्या मुलाची फी शासन भरते, पण ती वर्षभर उशिरा येते. तोवर गुणपत्रिका अडते, शाळा सोडल्याचा दाखला अडतो, आणि बाप दोषी कोणाला धरावे या संभ्रमात पडतो. मंत्रालय दूर असते, लिपिक समोर असतो. राग लिपिकावर निघतो. राजकीय प्रश्न अशा रीतीने कारकुनी प्रश्न झाला, आणि कारकुनी प्रश्नावर कोणी मत देत नाही.

याचा एक पुरावा सांगतो. अनुसूचित जातींच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा जुन्या सूत्रामुळे वर्षानुवर्षे आटत गेला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असे नवे सूत्र ठरवले. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची योजना, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. लक्षावधी घरांचे भवितव्य ठरवणारा हा निर्णय. आमच्या परिसरातील एकाही सभेत, कोणत्याही पक्षाच्या वक्त्याकडून, त्याविषयी स्तुती अथवा टीका आम्ही ऐकली नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. त्याच महिन्यात महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजनाही आली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत चावडीवर चर्चा झाली ती पंधराशे रुपयांची. आम्ही त्या आयाबहिणींना दोष देत नाही. पंधराशे रुपये बँकेत दिसतात. फीमाफी दिसत नाही.

२०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाचा मृत्यू झाला तेव्हा विद्यापीठ पुन्हा एकदा आपल्या राजकारणाच्या मध्यभागी आले होते. पण ते दुःख आणि संतापाच्या रूपाने आले. मागणीच्या रूपाने फारसे टिकले नाही. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला महाराष्ट्रात सुमारे ४१ लाख मते मिळाली. २०२४ मध्ये संविधान बदलले जाईल या भीतीने त्यांतील पुष्कळ मते दुसरीकडे वळली; अकोल्यात मात्र ॲड. आंबेडकरांची मते दोन्ही वेळा पावणेतीन लाखांच्या आसपासच राहिली. संविधानाच्या रक्षणात राखीव जागांचे रक्षण येतेच, हे मान्य. तरीही आहे ते राखणे आणि नवे मागणे यांत फरक आहे. १९४२ चे निवेदन मागणीचे होते.

आता आपल्या मेळघाटाकडे येतो. अनुसूचित जमातीसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघाने २००४ मध्ये भाजप, २००९ मध्ये काँग्रेस, २०१४ मध्ये भाजप, २०१९ मध्ये प्रहार आणि २०२४ मध्ये पुन्हा भाजप असा कौल दिला. पाच निवडणुका, चार वेळा पक्षबदल. त्यांत दोन नावे वेगवेगळ्या चिन्हांवर पुन्हा निवडून आली. कुपोषण, रस्ते, वनहक्क, व्याघ्र प्रकल्पातील गावांचे पुनर्वसन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, हे येथील निवडणुकीचे विषय राहिले आणि ते योग्यच आहेत. पण बारावीनंतर काय, हा विषय एकाही निवडणुकीत आला नाही.

कोरकू मुलाची घरची भाषा मराठी नाही. ती मुंडा कुळातील, मराठीहून सर्वस्वी वेगळी. पहिलीत तो परकी भाषा शिकतो, पुढे दुसरी परकी भाषा म्हणजे इंग्रजी, आणि या दोन्ही ओलांडून बारावी झाला की त्याच्यापुढे सुमारे दीडशे किलोमीटरवरचे अमरावती उभे असते, मध्ये सेमाडोहचा घाट. बुऱ्हाणपूर जवळ आहे, पण ते दुसऱ्या राज्यात. तेथे त्याची शिष्यवृत्ती, त्याचा दाखला, सारेच वेगळे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' अशा योजना आहेत, ज्यांत राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. अर्ज भरायचा तो ऑनलाइन आणि मुदतीत. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडलेले आई-वडील होळीला परततात; उत्पन्नाच्या दाखल्यावर सही करायला त्या काळात घरी कोणी नसते. ज्या समाजात दोन पिढ्यांपूर्वी अर्जातील धर्माच्या रकान्याने मुले अडली, त्या समाजाने कोरकू मुलाचे हे अडणे ओळखले पाहिजे. येथे बौद्ध आणि आदिवासी यांचे हित एक आहे, आणि निवडणुकीत मात्र दोघांना वेगवेगळ्या रांगांत उभे केले जाते.

भगवान बुद्धांनी केसमुत्तीच्या कालामांना केलेला उपदेश आपण शाळेत शिकवतो : केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः तपासून पाहावी. विहारातील प्रवचनात हे सुत्त सर्वांना पटते. मतदानाच्या बाबतीत ते लावून पाहावे असे आम्हाला वाटते. उमेदवार आला की त्याला विचारावे : धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत महाविद्यालयीन मुलींच्या वसतिगृहात किती जागा आहेत आणि किती अर्ज नाकारले गेले? गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात खात्यात आली? येथील महाविद्यालयांत मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ प्राध्यापक आहेत आणि किती विषय तासिका तत्त्वावर चालतात? "पोराले एवढं शिकवून काय भेटलं" असे म्हणणाऱ्या पदवीधराचा राग महाविद्यालयावर नाही. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्यांवर तो असायला हवा. तो रिकाम्या हवेत जातो, कारण हा प्रश्न विचारण्याची रीतच आपण सोडून दिली आहे.

प्रश्न विचारायचे तर हाती आकडे हवेत, आणि ते आपल्याकडेही नाहीत. शाळेच्या दप्तरात दहावीपर्यंतची प्रत्येक नोंद आहे. त्यापुढे आपली मुले कुठवर पोहोचली, कोणाची फी अडली, कोणी प्रवेश घेऊन पहिल्याच वर्षी परतले, याची नोंद कोठेही नाही. माजी विद्यार्थी मंडळाने या वर्षीपासून तशी नोंदवही सुरू करावी अशी सूचना आम्ही मांडली आहे. तीत नाव, दहावीचे वर्ष, पुढील शिक्षण, शिष्यवृत्ती मिळाली त्याचा महिना, आणि शिक्षण सुटले असल्यास कारण, एवढेच रकाने आहेत. धर्म आणि जात यांचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. मेळाव्याच्या दिवशी ती वही कार्यालयाबाहेरच्या टेबलावर असेल. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपली व आपल्या वर्गमित्रांची माहिती पत्राने कळवावी; मुलींची माहिती त्यांच्या माहेरच्या मंडळींनी विचारून द्यावी, कारण सर्वांत अधिक रिकाम्या ओळी त्यांच्याच राहण्याची शक्यता आहे.